डी४ ला भक्कम उत्तर, आणि सी८ वरच्या उंटाची गोष्ट

तुमचा प्रश्न मला असा समजला. बुद्धिबळात ऑनलाइन रॅपिडला तुमचं रेटिंग १५०० च्या आसपास आहे. ई४ ला, म्हणजे पांढऱ्याने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं की, तुम्ही काळ्याकडून ई५ खेळता आणि तिथे तुम्हाला काही अडत नाही. समोरच्याने डी४ खेळलं, म्हणजे वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, की मात्र तुमच्याकडे ठरलेलं काहीच नसतं. वर्षभर किंग्ज इंडियन हे ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींची पद्धत, खेळलात, पण जागा मिळत नाही आणि हल्ला वेळेवर पोचत नाही. मग दोन महिने बेनोनी केलं, त्यातही मार खाल्ला. आता तीन आठवड्यांनी क्लासिकल स्पर्धा आहे, आणि तुम्ही विचारताय, ‘फारशी घोकंपट्टी न करता उभं राहता येईल असं एकच भक्कम ओपनिंग सांगा. पण नुसतं बचाव करत बसायचं नाही.’

शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुमची खरी अडचण पहिल्या आठ चालींची नाहीच. तुम्ही दिलेले दोन्ही डाव मी पाहिले. दोन्हींत दहाव्या चालीपर्यंत तुम्ही ठीक आहात. त्यानंतर कोणतं प्यादं ढकलायचं आणि कोणता मोहरा कुठे न्यायचा, ते ठरत नाही. किंग्ज इंडियनमध्ये ही अडचण फार महाग पडते. तिथे मधला भाग तुम्ही आपणहून सोडून दिलेला असतो, आणि योजना चुकली तर मागे हटायला जागाच उरत नाही. तेव्हा तुम्हाला हवंय ते असं ओपनिंग, ज्यात एक-दोन चाली चुकल्या तरी डाव हातात राहील आणि दहाव्या चालीनंतरचा विचार पुन्हापुन्हा त्याच प्रश्नांवर येईल.

माझं उत्तर आहे क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइंड. डी४ ला डी५, सी४ ला ई६. नाव जुनं, पद्धतही जुनी. वीस वर्षं मुलांना आणि मोठ्यांना शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळा हेच हाती दिलं आहे.

आधी एक कबूल करतो. हे उत्तर सगळ्यांसाठी नाही. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये काळ्याकडून पटकन जिंकायचं असेल तर यात मजा येणार नाही. तुम्ही ई४ ला कॅरो-कान (सी६ आणि मग डी५) खेळत असता तर मी तुम्हाला आधी स्लाव्ह (डी४ ला डी५, सी४ ला सी६) सांगितलं असतं, कारण सी६-डी५ ची रचना हाताला सरावलेली असती. स्लाव्हमध्ये उंट लवकर बाहेर येतो हेही खरं. पण त्यात सी४ वरचं प्यादं मारल्यानंतर जे प्रकार येतात, तिथे नेमक्या चाली माहीत असाव्याच लागतात, आणि तीन आठवड्यांत तेवढं बसत नाही. तुम्ही ई५ खेळणारे आहात. मध्यभागी प्यादं रोवायचं, मोहरे बाहेर काढायचे, कॅसलिंग करून राजा सुरक्षित करायचा, ही तुमची सवय आहे. डिक्लाइंड त्याच सवयीवर उभं आहे.

आता मुद्द्याचं. या ओपनिंगवर एकच आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. ई६ खेळलं की सी८ वरचा उंट कोंडला जातो. पुढे ई६ वर आपलंच प्यादं, त्याच्या पुढे डी५ वर आपलंच प्यादं. बाकी सगळे मोहरे सहज बाहेर पडतात, हा एकटा घरात राहतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना हे ओपनिंग या एका उंटाच्या मागे लागूनच शिकवतो. कोणताही प्रकार आला तरी स्वतःला विचारायचं, सी८ चा उंट या डावात कुठून बाहेर येणार? वाटा तीनच. ई५ ढकललं की सी८-एच३ हा कर्ण उघडतो. बी६ करून तो बी७ वर बसतो, मग डी५ चं प्यादं बाजूला व्हावं लागतं किंवा सी५ ने मध्यभाग फोडावा लागतो. नाहीतर पांढरा स्वतःच सी४ चं प्यादं डी५ वर मारतो, आपण ई६ च्या प्याद्याने परत मारतो आणि कुलूप त्यानेच काढून दिलेलं असतं. तीन वाटा डोक्यात असल्या की बहुतेक चाली घोकाव्या लागत नाहीत, सुचतात.

मुख्य प्रकार पाहू. १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. उंट जी५ उंट ई७ ५. ई३, आणि काळ्याचं कॅसलिंग. ६. घोडा एफ३ एच६ ७. उंट एच४. इथपर्यंतच्या चाली न घोकताही सापडतात. उंट जी५ वर आला की एफ६ चा घोडा वजिराला बांधला जातो, म्हणून ई७ वर उंट ठेवून ती बांधणी सोडवायची. एच६ खेळून त्या उंटाला आत्ताच विचारायचं, मारतोस की मागे जातोस? पुढे कधीतरी मागच्या रांगेत राजाला हवा लागते, तेव्हाही हे प्यादं कामाला येतं.

आता सातवी चाल, घोडा ई४. लास्करचा बचाव. एमानुएल लास्करने १९०७ च्या मार्शलविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात ही कल्पना वापरली होती. काळ्याकडे जागा कमी आहे, आणि कमी जागेत मोहरे जास्त असले की ते एकमेकांच्या पायात येतात. म्हणून दोन मोहरे मारामारीत घालवायचे. पांढरा ई७ वर उंट मारतो, आपण वजिराने परत मारतो. मग योग्य वेळी ई४ चा घोडा सी३ वरच्या घोड्याला मारतो. दोन जोड्या गेल्या की घर मोकळं झालं. ९. हत्ती सी१ सी६ १०. उंट डी३, आता घोडा सी३ वर मारायचा, हत्ती परत मारतो, आणि मगच डी५ चं प्यादं सी४ वर मारायचं.

‘मगच’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. सी४ चं प्यादं लवकर मारलं तर पांढऱ्याचा एफ१ चा उंट एकाच चालीत सी४ वर येतो. तो आधी डी३ किंवा ई२ वर गेला की मग मारायचं, म्हणजे त्याची एक चाल वाया जाते. भक्कम ओपनिंगमध्ये अशा एकेका चालीवरच काळा बरोबरीला येतो. मग घोडा डी७, पांढऱ्याचं कॅसलिंग, आणि इथे ई५. तुमच्या उंटाचं दार उघडलं. किंवा बी६, उंट बी७, सी५. दोन्ही चांगलं. नवशिक्याला मी ई५ वाली वाट देतो, कारण ती डोळ्यांना दिसते.

आता एक डाव सांगतो. हे ओपनिंग निवडायला पुरेसं कारण मला त्यातच मिळालं. २०१० साल, सोफिया. विश्वनाथन आनंद आणि बल्गेरियाचा व्हेसेलिन टोपालोव यांचा विश्वविजेतेपदाचा सामना. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं बंद होती, म्हणून आनंद फ्रँकफर्टहून रस्त्याने सोफियाला पोचला होता. अकरा डावांनंतर गुण बरोबरीत. बारावा आणि शेवटचा डाव, आनंदकडे काळे मोहरे, प्रतिस्पर्ध्याच्या घरच्या मैदानावर. त्याने निवडला लास्करचा बचाव. वर सांगितलेलंच सगळं घडलं. घोडा ई४, उंट-उंट, घोडा-घोडा, मग सी४ वर मारामारी, घोडा डी७. मग बी६ आणि सी५. आणि सी८ चा तो कोंडलेला उंट? तो पहिल्यांदा हलला एकोणिसाव्या चालीला, बी७ वर. तिथून ए६, डी३, परत ए६, परत बी७, आणि अठ्ठाविसाव्या चालीला पार कोपऱ्यात ए८ वर.

पाहणाऱ्याला वाटावं की या मोहऱ्याला काही कामच नाही. पण आनंदने ई५ केलं, मग एफ५, आणि एकतिसाव्या चालीला ई५ चं प्यादं ई४ वर ढकललं. पांढऱ्याचा राजा जी२ वर, म्हणजे नेमका त्या उंटाच्या कर्णावर. टोपालोवने ते प्यादं मारलं आणि कर्ण उघडला. काळ्या वजिराने ई४ वर शह दिला, राजा एच३ वर, मग एच४ वर, भर पटावर ओढला गेला. सेहेचाळिसाव्या चालीला ए८ वरून निघालेल्या त्याच उंटाने जी२ वर पांढरा वजीर मारला. छप्पन्न चालींत आनंद जिंकला, सामना साडेसहा-साडेपाच. हा डाव पटावर मांडून हाताने खेळा, स्क्रीनवर बटण दाबत पळू नका. प्रत्येक चालीला उंट कुठे आहे ते पाहा. ‘नुसतं बचाव करत बसायचं नाही’ म्हणालात ना, त्याचं उत्तर तिथे आहे.

याच्या उलट बाजूचा डावही पाहा. २०२४, सिंगापूर, गुकेश आणि चीनचा डिंग लिरेन यांच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातला तिसरा डाव. गुकेश पांढऱ्याने खेळत होता, आणि त्याने डी५ वर लवकर मारामारी केली, म्हणजे एक्स्चेंज प्रकार. उंटाचं कुलूप निघालं आणि डिंगचा उंट सातव्या चालीला एफ५ वर, दहाव्या चालीला थेट पांढऱ्याच्या छावणीत सी२ वर गेला. तिथून त्याला परतीची वाट राहिली नाही. गुकेशने शांतपणे ती वाट बंद केली, उंट गेला, आणि सदतिसाव्या चालीला डिंगची वेळही संपली. एवढ्या मोठ्या खेळाडूकडून हे झालं, म्हणजे ही चूक कुणाकडूनही होऊ शकते. उंट बाहेर काढण्याची घाई आणि तो कायमचा कोंडून ठेवणं, दोन्हींत तोटा आहे.

एक्स्चेंज प्रकारावर मला जरा थांबायचं आहे. तुमच्या रेटिंगला निम्म्याहून जास्त लोक तुमच्याशी हेच खेळतील, कारण ते सोपं दिसतं. ४. सी४ चं प्यादं डी५ वर मारतो, आपण ई६ च्या प्याद्याने परत मारतो. ५. उंट जी५ सी६, पुढे ई३, उंट ई७, उंट डी३, बी८ चा घोडा डी७ वर, वजीर सी२, कॅसलिंग, घोडा एफ३, हत्ती ई८, पांढऱ्याचं कॅसलिंग, घोडा एफ८. ही कार्ल्सबाड रचना. वजिराच्या बाजूला पांढऱ्याकडे ए आणि बी अशी दोनच प्यादी, आणि तुमच्याकडे ए, बी, सी अशी तीन. दोन प्यादी तीनांवर चाल करून जातात. हत्ती बी१, बी४, बी५, मग सी६ वर मारामारी. बी७ च्या प्याद्याने परत मारलं की सी६ चं प्यादं मागे एकटं पडतं आणि सी स्तंभावरून त्याच्यावर मारा सुरू होतो. अल्पसंख्यांचा हल्ला म्हणतात याला.

मी हे पहिल्यांदा शिकलो ते हरून. कॉलेजात असताना एका जिल्हा स्पर्धेत समोर पन्नाशीचे एक गृहस्थ होते. काट्याचं घड्याळ, चहाचा ग्लास पटाच्या बाजूला. मी डावभर काहीच मोठी चूक केली नाही असं मला वाटत होतं. कोणताही मोहरा फुकट दिला नाही. तरी चाळिसाव्या चालीला सी६ चं प्यादं गेलं, मग डी५ चं, आणि मी राजीनामा दिला. डाव संपल्यावर त्यांनी मला शेजारच्या बाकावर बसवलं, पट पुन्हा लावला, विसाव्या चालीवर आणला आणि विचारलं, ‘इथे तुम्ही काय करत होतात?’ मला उत्तर देता आलं नाही. मी हत्ती इकडून तिकडे हलवत होतो. ते म्हणाले, ‘मी बी५ ला येणार हे तुम्हाला दहा चाली आधी दिसत होतं. त्या दहा चालींत तुम्ही माझ्या राजाकडे एकही मोहरा पाठवला नाहीत.’

म्हणून सांगतो, या रचनेत काळ्याने दोन कामं करायची. पहिलं, राजाच्या बाजूला मोहरे गोळा करायचे. एफ८ चा घोडा जी६ वर, दुसरा ई४ वर, ई स्तंभावर हत्ती आहेच. दुसरं, वजिराच्या बाजूला भोक बुजवायचं. सगळ्यात चांगली जागा म्हणजे डी६ वरचा घोडा. तो बी५ वर नजर ठेवतो, आणि ई४ व सी४ दोन्हींकडे झेप घेऊ शकतो. पांढऱ्याने बी४ खेळल्यावर कधीकधी आपण स्वतःच बी५ खेळावं. सी६ चं प्यादं कमजोर दिसेल, पण घोडा बी६ मार्गे सी४ वर बसला की सी स्तंभच बंद होतो आणि त्या कमजोरीपर्यंत कुणी पोचू शकत नाही. घोडा सी४ ला पोचणार नसेल तर मात्र बी५ खेळू नका, नुसतं दुखणं वाढेल. आणि सी८ चा उंट? मार्ग मोकळा आहे, पण तो कुठेतरी बसवायचा म्हणून बसवू नका. पांढऱ्याचा डी३ चा उंट त्या रचनेतला त्याचा सगळ्यात चांगला मोहरा आहे. त्याच्याशी अदलाबदल जमली तर सोडू नका.

वाटेत एक सापळाही हाताशी ठेवा. पांढऱ्याने ४. उंट जी५ खेळल्यावर तुम्ही उंट ई७ ऐवजी बी८ चा घोडा डी७ वर आणला, आणि पांढऱ्याने डी५ वर मारामारी केली, तर पुष्कळांना वाटतं की एफ६ चा घोडा बांधलेला आहे, डी५ चं प्यादं फुकट आहे. तो घोड्याने डी५ मारतो. तुम्ही बिनधास्त एफ६ च्या घोड्याने तो घोडा मारायचा. तो जी५ च्या उंटाने तुमचा वजीर मारेल. मग तुमचा एफ८ चा उंट बी४ वर शह देतो, आणि पांढऱ्याला वजीर डी२ वर मध्ये घालण्याखेरीज मार्ग नाही. उंटाने तो वजीर मारायचा, त्याचा राजा उंट मारतो, तुमचा राजा डी८ वरचा उंट मारतो. हिशेब करा, एका प्याद्याच्या बदल्यात तुमच्याकडे एक मोहरा जास्त. मी विद्यार्थ्यांना हे दाखवतो ते एका कारणासाठी. ‘बांधलेला’ मोहरा खरंच बांधलेला आहे का, हे प्रत्येक वेळी तपासायची सवय लागते.

बाकीचे प्रकार थोडक्यात. पांढरा जी५ ऐवजी एफ४ वर उंट आणेल. मग उंट ई७, कॅसलिंग आणि सी५ लगेच. वेळ घालवलीत तर तो स्वतःच सी५ ढकलून तुमचा श्वास कोंडेल. जी३ आणि उंट जी२ आला, म्हणजे कॅटलन, तर उंट ई७, कॅसलिंग, मग सी४ वर मारा. तो वजीर सी२ वर आणेल, तुम्ही ए६. तो वजिराने प्यादं परत घेईल, तुम्ही बी५ ने वजिराला हाकलायचं आणि उंट बी७ वर. बघा, तोच उंट आता पांढऱ्याच्या जी२ च्या उंटासमोर उभा आहे, आणि पुढे सी५ ढकलायचं काम बाकी राहतं.

लंडन सिस्टिम नावाच्या ओपनिंगबद्दल वेगळं लिहितो, कारण ऑनलाइन तुम्हाला खऱ्या क्वीन्स गॅम्बिटपेक्षा लंडनच जास्त भेटेल. १. डी४ डी५ २. उंट एफ४. पांढऱ्याने सी४ खेळलेलंच नाही, तेव्हा आपणच सी५ खेळायचं. घोडा एफ६, सी५, घोडा सी६, ई६, उंट डी६, आणि पांढऱ्याचा उंट जी३ ला मागे गेला की कॅसलिंग, बी६, उंट बी७. जपायचं एवढंच की पांढऱ्याचा घोडा ई५ वर कायमचा बसू द्यायचा नाही. तो बसला, डी३ चा उंट एच७ कडे बघत राहिला आणि एच४ चालू झालं, की त्या हल्ल्यात पुष्कळ चांगली माणसं बुडतात. ई५ वर घोडा आला की लगेच त्याला मारायचं किंवा हलवायचं काय ते ठरवा, पुढच्या चालीवर ढकलू नका.

कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, इंजिनच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकांच्या, काळात कोण खेळतं. १९२७ मध्ये ब्यूनॉस आयर्सला अलेखिन आणि कापाब्लांका विश्वविजेतेपदासाठी ३४ डाव खेळले, त्यातले ३२ डाव याच ओपनिंगचे होते. तेव्हा लोक कंटाळले असतील, मान्य. पण वर दिलेले दोन डाव २०१० आणि २०२४ चे आहेत, आणि दोन्ही विश्वविजेतेपदाच्या सामन्यातले. शंभर वर्षं इतकी डोकी लावूनही पांढऱ्याला याच्याविरुद्ध सरळ फायदा सापडलेला नाही. भक्कम या शब्दाचा मला लागणारा अर्थ एवढाच.

एक इशारा मात्र देतो. बी६ ची वाट, म्हणजे टार्टाकोवरचा प्रकार, तुम्हाला आवडू लागेल, कारण उंटाला बी७ लगेच मिळतं. ती वाट चांगलीच आहे. पण त्यात सी आणि डी स्तंभांवरची दोन प्यादी शेजारीशेजारी, मागून आधार नसलेली, लोंबकळत राहू शकतात. ती पुढे सरकली तर ताकद, अडली तर ओझं. १९७२ च्या रेक्याविकच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातल्या सहाव्या डावात फिशरने स्पास्कीविरुद्ध नेमका याच प्रकारात ही प्यादी अडवून दाखवली. डाव इतका देखणा होता की प्रेक्षकांबरोबर स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या. तोही डाव पाहा, पण लास्करची वाट हातात बसल्यावर.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तीन आठवड्यांत बदल करावा का. करा, पण अभ्यास चालींचा नको. पहिल्या आठवड्यात आनंदचा आणि गुकेशचा डाव, आणि कार्ल्सबाड रचनेतले काळ्याने जिंकलेले चार-पाच डाव. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर स्वतःची एक स्टडी (टिपणवही) उघडा आणि प्रत्येक डावात काळ्याने मध्यभाग कोणत्या चालीला फोडला, ई५ ने की सी५ ने, एवढंच मराठीत लिहा. दुसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटांचे, चालीमागे दहा सेकंद मिळणारे डाव खेळा, रोज दोन पुरेत. ब्लिट्झ नको, त्यात हात जुन्या किंग्ज इंडियनकडे वळतील. प्रत्येक डावानंतर इंजिन लावण्याआधी दहा मिनिटं स्वतः बघा. तिसऱ्या आठवड्यात नवीन काही वाचू नका. फक्त लंडन आणि एक्स्चेंज पक्कं करा, स्पर्धेत तेच येईल.

पहिल्या स्पर्धेत काळ्याकडून बरोबरीचा अर्धा-अर्धा गुण जास्त येईल, याची तयारी ठेवा. हरण्यापेक्षा तो बरा. जिंकायचे डाव हळूहळू येतात, बहुधा तिसाव्या चालीनंतर येतात, आणि ई५ वाले लोक शेवटच्या खेळात घाबरत नाहीत, तेव्हा तुम्हाला ते जमेल. स्पर्धेत स्कोअरशीट भरताना एक गोष्ट करा. सी८ चा उंट ज्या चालीला पहिल्यांदा हलला, त्या चालीभोवती गोल करा. डाव इथे टाकाल तेव्हा तो आकडा आणि तेव्हा तुमच्या मनात काय होतं ते दोन ओळींत लिहा. मी आधी तेवढंच बघेन, आणि मग बाकीच्या चालींकडे वळू.